समुद्रानं फक्त कवळी नेली

मुक्काम गाडीत,
सोमवार, सकाळचे अकरा

तीर्थरूप दादा,

धाकट्या मुक्ताचा सविनय जय भीम. तुमची तब्येत बरी असेल, गुडघ्याला तेल चोळत असाल आणि साखरेची गोळी जेवणाआधी घेत असाल असं धरून चालते. (जेवणानंतर घेत असाल तर आजपासून बंद करा. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, एवढं सांगायचा हक्क मला आहे.) "आता मला फोन करू नको" असं म्हणून तुम्ही त्या दिवशी फोन ठेवलात, म्हणून फोन करत नाही. पत्र लिहू नको असं काही तुम्ही म्हणाला नव्हता.

तुमचं म्हणणं असं की अर्धांग झालेल्या माणसाला गाडीत घालून समुद्रावर नेणं म्हणजे निव्वळ खूळ. वर, "लोक घरात संडास बांधतात, तुम्ही गाडीत बांधला, शुक्रवार पेठेत तोंड कसं दाखवणार?" तर तोंड दाखवूनच निघालो. अख्खी गल्ली निरोप द्यायला आली होती (निम्मी संडास बघायला आली होती, हे कबूल करते). तुमच्या भाचीनं, प्रतिक्षानं, बँकेतून रजा काढली आणि जुनी ट्रॅव्हलर घेऊन मागची बाकं उचकटली. तिथं पलंग, शेगडी आणि तुमच्या डोळ्यात खुपलेली ती खोली बसवली. का बसवली ते तुम्ही ऐकूनच घेतलं नाही. मागच्या वर्षी मी कोकणातल्या पाच लॉजना फोन केले, पाचही ठिकाणी जिना. एकजण म्हणाला, मावशी, वरच्या मजल्यावरनं समुद्र लई भारी दिसतो. आता यांना वर कोण नेणार, समुद्र? या माणसानं एकतीस वर्षं एसटी चालवली. हैदराबाद झालं, विजापूर झालं, लातूर तर पाठ झालं, पण कोकणची ड्यूटी कधी लागली नाही. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणत होते आणि रिटायर झाल्यावर तिसऱ्या महिन्यात उजवी बाजू गेली. तेव्हापासून दोन वर्षं खिडकीतून समोरची पिठाची गिरणी बघत बसलेत. गिरणी वाईट नाही, पण दोन वर्षं बघावं असं तिच्यात काही नाही.

जाताना मुद्दाम तुमचं अकलूज चुकवलं आणि म्हसवडवरून गेलो, तेवढा राग मलाही येतो. गाडी प्रतिक्षा चालवत होती, शेजारी हे. यांचं बोलणं जड झालंय हे तुम्हाला माहीत आहे, चार शब्दांतला एक कळतो, पण "गिअर" हा शब्द इतका स्वच्छ येतो की सोलापूर ते कराड दुसरं काही ऐकलं नाही. कुंभार्ली घाट उतरताना तर यांनी डाव्या पायानं ब्रेक दाबून दाबून खालचा रबर मॅट फाडला. (तिथं ब्रेक नाही. पण गाडी आपल्यामुळंच थांबते, असं यांच्या चेहऱ्यावर होतं आणि आम्ही दोघींनी तसंच राहू दिलं.) समोरून एसटी आली की हे डावा हात वर करायचे. कुठल्या डेपोची, कुठला ड्रायव्हर, काही ओळख नाही, पण एकूण एक ड्रायव्हरनं हात वर केला. शेवटी शेवटी मी खिडकीकडं तोंड करून बसले. डोळ्यात धूळ गेली होती.

गुहागरला पोचलो आणि मोबाईलनं सांगितलं, समुद्र तीनशे मीटर. समुद्र होताच. पण मोबाईलला गाडीची रुंदी कोण सांगणार? तिथल्या गल्ल्या म्हणजे दोन्ही बाजूंनी तांबड्या दगडांचे गडगे (कुंपणाच्या भिंती), आत पोफळी, आणि मधून सायकल जाईल एवढी वाट. प्रतिक्षानं वळण घेतलं आणि गाडी उजवीकडं गडग्यात, डावीकडं विजेच्या खांबाला अशी रुतली की दार उघडेना. मी मागच्या दारानं उतरले. मिनिटात मागं मासळीचा टेम्पो, शाळेची रिक्षा आणि एक वासरू, अशी रांग लागली. जो तो हुकूम द्यायला लागला. त्यात मोटरसायकलवरचा एकजण हॉर्नवरचा अंगठा न काढता म्हणाला, "असल्या माणसाला घेऊन फिरायचं कशाला?" दादा, मी शिवी दिली नाही. मी एवढंच विचारलं, "मग कुठं ठेवू? कपाटात?" हॉर्न थांबला.

तेवढ्यात गडग्याची मालकीण आली, सुमतीबाई आरेकर, माझ्याच वयाच्या. म्हटलं, आता भांडण. त्या गाडीभोवती फिरल्या, मागच्या दारातून आत वाकल्या.

"कुठशी आलाव?"

"सोलापूर."

"आन् ह्यात ऱ्हाताव?"

"ऱ्हातो की."

मग त्यांनी ती खोली उघडून बघितली, बसायची उंची हातानं मोजली आणि म्हणाल्या, माझी सासू नव्वदीची, पाच वर्षं लेकीच्या घरी गेली नाही, ती याच एका गोष्टीपायी. (हे वाक्य तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं. दोनदा वाचा.) एवढं बोलून त्यांनी पदर खोचला आणि स्वतःच्याच गडग्याचे वरचे दगड उचलायला लागल्या. मीही लागले, मासळीवालाही लागला. दगड बाजूला झाले तरी गाडी काढायची कशी, हे कुणालाच कळेना. प्रतिक्षानं स्टिअरिंग सोडून दिलं. तेव्हा हे बोलले. "मागं घे." यांनी डावा हात खिडकीबाहेर काढला, आरशात बघितलं आणि बोट बोट मोजत सांगायला लागले. "डावं. अजून डावं. बास. सोड." एकही शब्द अडकला नाही. वीस मिनिटांत गाडी मोकळी. मासळीवाल्यानं विचारलं, काका कोण? मी म्हटलं, ड्रायव्हर. "होते" असं म्हणाले नाही.

वाळूत चाकाची खुर्ची गेली नाही, रुतली. मग मासळीवाल्यानं तीन भाऊबंद बोलावले, सुमतीबाईंच्या ओटीवरची प्लास्टिकची खुर्ची आणली आणि चौघांनी यांना उचलून गुडघाभर पाण्यात नेऊन बसवलं. पहिली लाट पायावर आली, दुसरी मांडीवर, तिसरी थेट तोंडावर. आणि हे हसले. कसे, तर तोंड सगळं उघडून, आवाज करून, दोन वर्षांत हसले नाहीत तसे. चौथ्या लाटेनं खालची कवळी नेली. प्रतिक्षा रडत हसत पाण्यात चाचपडत होती, चार कोळी वाकून शोधत होते आणि हे मात्र डाव्या हातानं पाणी उडवत बसले होते. तासभर बाहेर यायला तयार नव्हते. समुद्र माणूस ओढून नेतो असं तुम्ही म्हणाला होता ना? कवळी नेली, तीही खालचीच. चार दिवस सुमतीबाईंच्या अंगणात गाडी उभी होती आणि हे त्यांच्या हातचे मऊ घावणे गिळत होते.

तर दादा, आम्ही जाऊन आलो. माफी मागायला हे पत्र नाही. पुढच्या वर्षी परत जाणार, आणि तुमची परवानगी विचारणार नाही. कळावे. लोभ आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची
मुक्ता

ता. क. पत्र आणणारा ज्ञानबा दुधाचा टँकर चालवतो, त्याला चहा द्या. आम्ही कालपासून मोडनिंबला हायवेच्या कडेला, गॅरेजच्या लिंबाखाली आहोत. क्लच प्लेट गेली, दुरुस्तीला तीन दिवस. दुसरी गाडी करून घरी जाऊ म्हटलं तर हे प्रतिक्षाकडं बघून "न्हाय" म्हणाले. ड्रायव्हर गाडी रस्त्यात टाकून जात नाही म्हणे. प्रतिक्षाची रजा संपली, ती आज रात्री जाईल आणि शनिवारी परत येईल. यांना उचलायला दोन माणसं लागतात. मी एक आहे.

आणखी एक. काल येताना अकलूजवरनंच आलो. तुमच्या दारावरून गेलो. तुम्ही ओसरीवर बसला होता, पेपर मांडीवर होता, पण वाचत नव्हता. वहिनी गेल्यापासून तुम्ही असेच बसता का? यांनी तुम्हाला बघून हात वर केला आणि मी प्रतिक्षाला थांबू नको म्हटलं. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. यांचं बरोबर आहे.

ज्ञानबा चारला मोडनिंबकडं परत निघतो, त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. कपडे दोनच जोड आणा. गाडीत जागा कमी आहे, पण तुमच्यापुरती मी सकाळीच करून ठेवली.