पाइन फोर्कवरची कामबंदी

४ मार्च १९८१. पाइन फोर्क, केंटकी

आज सरकारी खाण निरीक्षक म्हणून इथल्या खाणीचं काम थांबवलं. परवान्यात साफ लिहिलंय — कोळसा काढला की डोंगर पुन्हा भरून द्यायचा. कंपनी माती भरत नाही, सरळ उतारावरून ढकलते. खाली आयडा कॉडिलचं घर. नवरा होबार्ट अंथरुणाला खिळलेला, खाणीची धूळ छातीत बसलीय. आयडानं घेवडा आणि मक्याची भाकरी वाढली. "घर सोडू का रे, वर्लिन?"

"कशाला? सरकार तुझ्या बाजूनं आहे," म्हणालो.

६ मार्च

पेट्रोल पंपावर तिघांनी गाठलं. पुढे डेल्मर — कंपनीचा बुलडोझर तोच चालवतो. कुदळीच्या दांड्यानं तोंडावर हाणलं. "आमची चूल विझवलीस ना? मग तुला तरी दात कशाला हवेत?" पुढचे चारही गेले. मग बरगडीत लाथा. पंपवाला काच पुसत राहिला.

९ मार्च

राजधानीतून साहेबांचा फोन. कामबंदी उठवली! कंपनीनं उतार नीट करायची हमी दिलीय म्हणे. "तू आधी बरा हो." फोन भिंतीवर आपटला.

१२ मार्च

पाऊस. डोझर चालूच.

१३ मार्च

उतारावरून मातीसकट मोठा दगड सुटला. छप्पर फोडून थेट होबार्टच्या पलंगावर. आयडा अंगणात होती म्हणून वाचली. आम्ही त्याला फावड्यांनी उकरून बाहेर काढलं. एक हात वेगळा सापडला — आयडानं तो ॲप्रनमध्ये गुंडाळला. वरून डोझरचा आवाज येतच होता.

१४ मार्च

आयडा बंदूक घेऊन डोंगर चढली. मी बरगडी धरून मागे. हाका मारल्या, थांबली नाही. डेल्मर डोझरवरून उतरला. "आयडाकाकी, घरी जा. मला सांगितलं ते मी केलं. माझ्यावर का चिडतेस?"

"होबार्टनं तुला गाडी चालवायला शिकवलं होतं," ती म्हणाली, आणि चाप ओढला. छातीत लागली. तो आधी गुडघ्यांवर बसला, मग चिखलात तोंडावर पडला. मी तिच्या हातातून बंदूक हिसकावली. पलीकडचे कामगार धावत आले, तेव्हा बंदूक माझ्या हातात होती.

१६ मार्च

शेरीफनं विचारलं, गोळी कोणी झाडली? आयडा तोंड उघडणार, त्याआधी मी म्हणालो, "मी." आज न्यायाधीशांसमोर शपथेवर पुन्हा तेच सांगितलं.