ज्या मुलींना कोणी विचारलं नाही

मी, खाली सही करणारी, निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका, वय एकाहत्तर, अविवाहित, माझ्या पश्चात काय व्हावे हे राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला. त्यांनी आजचा वार विचारला, तो बरोबर आला. एवढ्यावरून मी कुणाला शहाणं ठरवलं नसतं, कायद्याला पुरतं.

१. राहते घर स्वकष्टार्जित आहे. त्यावर माझ्या धाकट्या भावाचा कोणताही हक्क राहणार नाही. कारण लिहिण्याची कायद्याला गरज नाही, मला आहे.

आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात कावीळ पसरली तेव्हा तो तिथे उपप्राचार्य होता. टाकीच्या पाण्यावर ठपका येऊ नये म्हणून त्याने पाहणी केली. जेवणघरात हजर असलेल्या मुलींना वॉर्डनबाईंसमोर हात वर करायला लावले. शंभरात सत्त्याण्णव ठणठणीत! पेपरातही आलं.

मी तो आकडा फळ्यावर लिहून वर्गाला विचारलं, "यात कोण नाही?"

वसतिगृहातलीच एक मुलगी म्हणाली, "बाई, आजारी मुली तर घरी गेल्यात. जेवायला कोण येणार?"

माझे विद्यार्थी त्या घरांपर्यंत गेले. घरी गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुली पिवळ्या पडलेल्या. मी हे भावाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आकडा छापून झालाय. आता कशाला उकरून काढतेस?"

टाकी तशीच राहिली. महिन्याभरात, उत्तर देणारी ती मुलगी काविळीने गेली. पुढच्या वर्षी 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही' म्हणून माझा विषय बंद झाला. भाऊ प्राचार्य झाला.

२. घर व पुस्तके त्या मुलीच्या धाकट्या बहिणीला द्यावीत. ती शाळेत गणित शिकवते. बाहेरच्या खोलीत तिने वर्ग चालवावा. कुठलाही आकडा समोर आला की कोणी विचारलं, कोणाला, कोणाच्या देखत आणि कोण राहून गेलं, हे शोधायला शिकवावं. "सगळेच आकडे खोटे" म्हणणाऱ्याला वर्गातून उठवावं. असल्या आळशी शंकेने माझ्या भावासारख्यांचंच फावतं.

३. बँकेतील शिल्लक वसतिगृहाच्या पाण्याच्या दरवर्षीच्या तपासणीसाठी वापरावी. तपासनीस कॉलेजने नेमू नये.

४. "आम्ही मनातून तुमच्या बाजूने होतो," असं निवृत्तीच्या दिवशी सांगणाऱ्या सहकाऱ्यांना काहीही देऊ नये. मनातली बाजू मला कधी मोजता आली नाही.

हे वाचून शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "बाई, सख्खा भाऊ आहे. इतकं तोडू नका."

मी म्हटलं, "काका, तुम्ही साक्षीला आलात, सल्ल्याला नाही."

त्यांनी सहीसाठी पेन उघडलं. मग माझाच हात थांबला, म्हणून शेवटचे कलम वाढवत आहे.

५. भाऊ अंत्यविधीला आल्यास त्याला अडवू नये. त्याचे गुडघे दुखतात. बसायला खुर्ची द्यावी. बोलायला देऊ नये.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका (सही), डॉक्टरीणबाई (सही)
ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: ९ जून