पाठीवर हात, दहा आकडे

९ एप्रिल

धाकटी गल्लीभर सांगत सुटली आहे की मी तिची कोंबडी तहानेने मारली. म्हणून लिहायला बसले. तोंडी भांडणात ती रडते आणि जिंकते. कागदावर रडता येत नाही.

झालं ते असं. आमच्या करड्या कोंबड्यांचा वाण वडिलांनी जपला, त्यांच्यामागे एकतीस वर्षं मी. या घराबाहेर तो आणखी एकाच ठिकाणी आहे – वाण जपणाऱ्या संस्थेत. वडिलांनीच त्यांना कधीकाळी दिलेली जोडी. आमच्याकडे आता कोंबडे दोन, तेही सख्खे भाऊ. अंडी वांझ निघायला लागलीत. बाहेरचा कोंबडा आला नाही तर चार-पाच वर्षांत सगळं आटपेल. संस्थेचा माणूस ३ मे रोजी बघायला येतोय. पसंत पडलं तर कोंबडा देईल. असा माणूस यायचा असताना बहीण दारोदार हे बोलत हिंडते!

एका वेळी एकच कोंबडी अंड्यांवर बसवायची, हा नियम. यंदा मी ‘शाणी’ बसवली. धाकटीने भुशाच्या पोत्यांमागे गुपचूप दुसरी बसवली – तिची लाडकी, ‘मावशी’. खाली दहा अंडी. कुठल्या कोंबड्याची, काही खूण नाही. मला सापडलं सोळाव्या दिवशी. एक फोडून बघितलं. आत पिल्लू, पिसं आलेली, चोच हलत होती. उरलेली नऊ शाणीखाली सरकवली. रक्त वाया घालवायची माझी पद्धत नाही.

मावशी खुडूकच – अंडी काढली तरी उबवायची ओढ जाईना. रिकाम्या जागेवर बसून राहिली, हात लावला की फुगायची. खुडूक मोडायला जाळीच्या तळाचा पिंजरा असतो – खालून वारा लागला की तीन दिवसांत उतरते. तिला तशात घालून ठेवलं मागच्या अंगणात. मागच्या दाराला कुलूप घातलं, नाहीतर ही बया तासातासाला जाऊन गोंजारणार. तिसऱ्या दिवशी मेली. उन्हाने. वय झालं होतं.

पाण्याची वाटी भरलेली होती. मी स्वतः भरली होती. एवढंच लिहायचं होतं.

१० एप्रिल

नऊपैकी सात निघाली. शाणीखालची तिची स्वतःची अंडी सगळी वांझ! अकरापैकी अकरा.

दोन दिवसांत धाकटीचं पहिलं वाक्य: “मावशी असती तर नऊच्या नऊ निघाली असती.”

“मावशी असती तर तुला घास भरवायला कुणीतरी असतं,” मी म्हटलं.

चहा एकच कप केला तिने. स्वतःपुरता.

१३ एप्रिल

पिल्लं शाणीपासून काढून स्वयंपाकघरात खोक्यात ठेवली, बल्बखाली. आईमागे वाढलेली पिल्लं रानटी होतात – वडिलांचं मत, माझंही.

धाकटी दिवसभर खोक्याला चिकटून. तळहातावर कणी घेऊन बसते. त्यांच्याशी बोलते! नवरा गेल्यावर इथे येऊन दोन वर्षं झाली. माझ्याशी एवढी बोलली नाही.

“हातावर खायची सवय लावू नकोस. निवडीच्या परीक्षेत फसतील.”

“ताई, पिल्लं आहेत ती. दहावीची मुलं नव्हेत.”

नाकाने कांदे सोलते. माझ्या छपराखाली, माझी कणी.

१५ एप्रिल

एक गोष्ट खरी. मावशी धाकटीच्या हाकेला धावत यायची, पंख पसरून, बायका बस पकडायला धावतात तशी. माझ्या हाकेला एकही येत नाही. माझा आवाज ऐकला की सगळ्या असतील तिथे थांबतात. मला तेच बरं वाटतं. मोजायला सोपं.

१७ एप्रिल

थोरल्या कोंबड्याच्या पायाला सूज. जनावरांचा डॉक्टर आला. मलमपट्टी करता करता, वर न बघता म्हणाला, “बाई, तुमच्या बहिणीने ती कोंबडी पिशवीत घालून आणली होती माझ्याकडे. मी फाडून बघितली.”

“मग?”

“अन्नाच्या पिशवीत कोरडा भुसा. चोचीच्या आत कातडं चिकटलेलं. वाटी कुठे ठेवली होती तुम्ही?”

“डॉक्टर, पायाचं बघा.”

पायाचं बघितलं. दिवसाआड मलम सांगितलं. जाताना चहाला थांबला नाही. एरवी दोन कप पितो, वर साखर मागतो.

२४ एप्रिल

आज परीक्षा. चौदा दिवस झाले की घेतेच.

पद्धत वडिलांची. पिल्लू टेबलावर ठेवायचं, पाठीवर हात दाबून धरायचा, दहापर्यंत मोजायचं. जे गप्प बसतं ते शांत रक्ताचं – ठेवायचं. जे वळवळतं, टोचतं, ओरडतं, ते काढायचं. एक चुकार पिल्लू मोठं होऊन दहा चुकार जन्माला घालतं. म्हणून इथल्याइथे मान मोडायची, बादली बाजूला ठेवलेली असते.

सात पिल्लं. दोन गप्प बसली. पाचांनी धिंगाणा घातला. एकाने तर तीनवर असतानाच माझ्या अंगठ्याचं सालपट काढलं.

चार काढली. धाकटी दारात उभी. दर वेळी म्हणायची, “ताई, थांब.” तिसऱ्या वेळी ‘ताई’ गळलं. चौथं तर तिच्या मनगटावर चढून बसलं होतं. ते तिथून उचललं.

“अगं, बसलंय ना गप्प माझ्याकडे!”

“टेबलावर बसायला हवं.”

पाचवं – अंगठा फोडणारं – तिने माझ्या हातातून हिसकावलं, खिशात कोंबलं आणि न्हाणीघराला आतून कडी घातली. पासष्ट वर्षांची बाई!

२५ एप्रिल

न्हाणीघर अजून बंद. आतून दोघांचा चिवचिवाट. माझी आंघोळ राहिली.

२६ एप्रिल

बाहेर आली. पिल्लाचं नाव ‘वकील’ ठेवलंय. “कारण तो ऐकून घेत नाही,” म्हणे. मी म्हटलं, राहू दे, संस्थेचा माणूस येईल तेव्हा चुकार पिल्लू कसं असतं ते दाखवायला बरं.

३ मे

तो आला. पन्नाशीचा, बुटका, बुटांना कोंबड्यांची घाण. खुराड्याशी उभा राहून पाव तास नुसता बघत बसला. मला वाटलं, छाप पडली. अकरा कोंबड्या, कुणाचा आवाज नाही.

“फार शांत आहेत,” तो म्हणाला.

“एकतीस वर्षांची निवड आहे,” मी म्हटलं. परीक्षा समजावली. पास झालेलं एक पिल्लू आणून दाखवलं. हात ठेवला, दहा मोजले. हललं नाही.

“आता हात काढा.”

काढला. पिल्लू तसंच. त्याने ते अलगद उताणं केलं. पाय वर, डोळे उघडे, तसंच पडून. त्याने घड्याळ बघितलं. मिनिट झालं. दोन झाली.

“बाई, याला शांत म्हणत नाहीत. मांजराच्या तोंडात सापडलेलं पाखरू असंच करतं. मेल्याचं सोंग. पंखाखाली अंगठा घाला.”

घातला. इवलं काळीज – मोजता येईना इतकं पळत होतं.

मग त्याने विचारलं, नापास झालेलं आहे का एखादं? धाकटीने वकिलाला आणून टेबलावर सोडलं. तो चालत गेला, त्या माणसाच्या बाहीवर चढला, शर्टाचं बटण ओढून बघितलं, खांद्यावर बसून डोळे मिटले. धाकटी तोंडावर हात धरून हसायला लागली. मी दोन वर्षांत तिला हसताना बघितलं नव्हतं.

“हा तुमच्या वडिलांचा वाण,” तो म्हणाला. “आमच्याकडची जोडी अशीच होती. पोराटोरांच्या मांडीवर बसणारी. असे किती काढलेत तुम्ही?”

माझ्याकडे वही आहे. आकडा आहे. सांगितला नाही.

“वडिलांची पद्धत आहे,” एवढंच म्हटलं.

“असेल. त्यांचा हात कसा होता मला ठाऊक नाही. तुमचा दाबतो.”

निघताना फाटकाशी: “कोंबडा देईन. पण तुमच्या हाती नाही. तुमच्या बहिणीच्या. सगळा कळप त्यांच्याकडे जाणार असेल तरच. नाहीतर राहू दे, तुमच्याकडे संपेल तेव्हा संपेल. आठवडाभरात कळवा.”

“तुला आधीच भेटला होता का गं हा?” तो गेल्यावर मी विचारलं.

“नाही. पण डॉक्टर भेटला होता त्याला.”

४ मे

कोंबड्या माझ्या आहेत. इथेच संपतील. लिहून ठेवते.

५ मे

दुपारी खुराड्यात गेले. एकेक धरली, पंखाखाली अंगठा घातला. शाणी. लंगडी. तुटक्या तुऱ्याची. एकही हलली नाही. काळीज मात्र अकरांचंही पळत होतं.

परत येऊन हात धुतले.

वडिलांची आठवण. पाढे म्हणताना आम्हा दोघींच्या मानेवर हात ठेवायचे. धाकटी वळवळायची, मार खायची. मी हलत नसे. पाहुण्यांना सांगायचे, “ही थोरली बघा, किती शांत!” त्या हाताखाली मी काय मोजायचे ते मला अजून पाठ आहे. पाढे नव्हेत.

मला कॉलेजात पाठवलं. तिला नाही.

६ मे

धाकटीला सांगितलं, घेऊन जा. पिठाच्या गिरणीमागे तिने एक खोली आणि अंगण बघून ठेवलं आहे. कधी बघितलं, विचारलं नाही.

वाटलं होतं, रडेल. म्हणाली, “खोकी किती लागतील?”

“सात. दोन-दोन घालायच्या. आणि भोकं पाड आधी, मागाहून नव्हे.”

“तुझ्याशिवाय सुचलंच नसतं मला, ताई.”

टोमणा चांगला होता. कुणाची बहीण!

७ मे

“तू पण ये अधूनमधून,” ती जेवताना म्हणाली. मग थोड्या वेळाने: “नको. त्या घाबरतील.”

८ मे

आज सकाळी धाकटीच्या हाती दिलं, ते असं:

करड्या कोंबड्या, अकरा.

कोंबडे, दोन. थोरल्याच्या पायाला मलम, दिवसाआड. डबी सोबत दिली.

पिल्लं, तीन. वकील खोक्यात बसला नाही. तिच्या खांद्यावर बसून गेला.

वडिलांची वही आणि माझ्या चार. काढलेल्यांचा आकडा शेवटच्या पानावर आहे, तो तिथेच राहू दिला.

बल्ब, वायर, कणीचं अर्धं पोतं.

जाळीचा पिंजरा दिला नाही. तिने मागितला नाही.

पाण्याची वाटी. पितळेची. ही तिने मागून घेतली. फाटकातून परत आली तेवढ्यासाठी. म्हणाली, “एकदाच सांग. त्या दिवशी कुठे होती?” नेऊन जागा दाखवली. पिंजऱ्याच्या बाहेर, जाळीपासून वीतभर. मान ताणली तर पाणी दिसतं. चोच पोचत नाही. मीच ठेवली होती. वीत टाकून, मोजून.