गुरुवारी चार वाजता

बाबा, तुम्ही गेल्यानंतर तुमच्या दुकानात मी काचेची केबिन केली आहे. जिथे तुम्ही बाकडं टाकून बसायचात, तिथेच. दारावर पाटी आहे, ‘भेटण्याची वेळ दुपारी ४ ते ५’. हे लिहितानाही मला माझी किळस येते आहे.

उन्हाळ्यात वर्ध्याला एका हॉटेलच्या हॉलमध्ये आम्हा धंदेवाल्यांसाठी दिवसभराची कार्यशाळा होती. विषय, वेळेचं नियोजन. कोट घातलेला एक माणूस कानाला माइक अडकवून स्टेजवर फिरत होता. म्हणाला, “तुमचा वेळ कोण खातं? न विचारता तुमच्या दारात येणारी माणसं!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच जोरात वाजवल्या, कारण मला तुम्ही आठवलात. हिंगणघाटातलं आपलं मोटर रिवायंडिंगचं दुकान, आणि जळलेली मोटर घेऊन आलेला शेतकरी. तो आधी विहिरीचं सांगणार, मग पोरीच्या सोयरिकीचं, मग मोटरचं. तुम्ही तांब्याची तार हातात धरून ऐकत बसायचात. आईला तुमच्याशी बोलायचं असलं तर ती दुकानात यायची, लोकांच्या मागे थोडा वेळ उभी राहायची आणि तशीच परत जायची. मी ते पाहिलं आहे. दहावीत असताना मी एका म्हाताऱ्याला म्हटलं, “आजोबा, लवकर सांगा ना, मागे लोक आहेत.” तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडलात, “काऊन घाई करून राह्यली? मोटर त्याची जळली, तुही नाई!” मला इतका राग आला की तेव्हाच ठरवलं, दुकान माझ्या हातात आलं तर हे असं चालू द्यायचं नाही.

तर आता माझा दिवस मोबाइलमध्ये आहे, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रंगीत चौकोनांत. फायदा झाला नाही असं नाही. मोटरी सांगितलेल्या दिवशी जातात, मी सातला घरी असते, लेकीजवळ बसते. एवढं तुम्हाला कधी जमलं नव्हतं.

तुमच्याबरोबर तीस वर्षं वाइंडिंग केलेले काका अजून आपल्याकडेच आहेत, मला सायकलवरून शाळेत सोडणारे. केबिन झाल्यापासून ते मला पोरी म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याला पाणी देणं सुरू झालं आणि दुकानात मोटरींचा ढीग लागला. एका सोमवारी सकाळी काका केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. “मॅडम, दोन मिनिटं बोलाचं होतं.” मी मान वर केली नाही. “काका, गुरुवारी चार वाजता. लिहून ठेवते.” ते “बरं,” म्हणाले.

गुरुवारी ते पावणेचारलाच हातपाय धुऊन बाहेरच्या खुर्चीवर येऊन बसले. आत कंपनीचा माणूस होता, त्याचं लांबलं. काचेतून मला काका दिसत होते, त्यांनाही मी दिसत असणार. चार वाजून वीस मिनिटांनी मी त्यांना आत बोलावलं. “बोला काका, दहा मिनिटं आहेत.” ते बसलेसुद्धा नाहीत. “आता काई नाई मॅडम. झालं ते. तुमी बलावलं होतं, म्हून आलो.” आणि बाबा, मला बरं वाटलं. दहा मिनिटं वाचली म्हणून बरं वाटलं. मी त्या चौकोनावर हिरवी खूण केली.

काय झालं ते शनिवारी समोरच्या चहावाल्या बाईंनी सांगितलं. काकूंना शुगर आहे. पायाची जखम चिघळली म्हणून रविवारीच त्यांना सेवाग्रामला दवाखान्यात ठेवलं होतं. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल असं डॉक्टर म्हणाले, आणि बुधवारपर्यंत सही मागितली. काकांना कागद वाचता येत नव्हता. दुसरा काही इलाज आहे का, एवढं डॉक्टरांना नीट विचारायला मी सोबत यावं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. बुधवारी त्यांनी एकट्याने सही केली.

मी त्याच दुपारी गेले. डॉक्टर म्हणाले, कोणीही आलं असतं तरी पाय वाचला नसता. मी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि लगेच स्वतःवर थुंकावंसं वाटलं. पाय वाचवायला मला बोलावलंच कुठे होतं? एकट्याला सही करावी लागू नये, म्हणून बोलावलं होतं. कॉटजवळ गेले तर काकू उठून बसायची धडपड करायला लागल्या. “या मॅडम. तुमाले टाइम भेटला?” टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला सहन झालं असतं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. काका माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवत काकूंना म्हणाले, “त्याइचा टाइम खराब नको करू.” पर्समध्ये मोबाइल थरथरला, पुढचा चौकोन सुरू झाला होता. मी तो बंद केला, पण त्याआधी बघितला.

त्या कोटवाल्याची मला शिसारी येते, पण दार काही त्याने लावलं नाही. तुमचाही राग येतो. जगाचं ऐकून घेतलंत आणि आईला उभं ठेवलंत. मी तुमच्याहून बरी होणार होते. आईला निदान कोणी तारीख देत नव्हतं.

काका आता परत कामावर येतात. त्यांची माफी मागायची म्हणून मी चार वेळा त्यांच्या टेबलापर्यंत गेले. चारही वेळा, “ती पाच हॉर्सपॉवरची कधी होईल?” एवढंच विचारून परत आले. आज कागद घेऊन बसले ते खरं तर त्यांना लिहायला. ते त्यांना दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं एवढंच, की तुम्हाला लिहिणं सोपं होतं. तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघणार नव्हतात.