मोरपंखी बगळा

रविवार, १ डिसेंबर १९९६

आजपासून सुकलाल माझा साडू नाही. नात्याने आहे, त्याला इलाज नाही. माझी अनुसया आणि त्याची चंचल सख्ख्या बहिणी. पण मनाने नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही. आज मगनभाईंच्या पक्षीमंडळाबरोबर डुमसला गेलो. मगनभाई म्हणजे रिटायर झालेले गुजराती मास्तर. हिवाळ्यात तापीच्या मुखाशी परदेशी पक्षी उतरतात, ते दर रविवारी दाखवतात. सुकलाल गेल्या वर्षापासून जातो. मी आज पहिल्यांदा. लांब पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग दिसली, मी ओरडून सगळ्यांना थांबवलं. सुकलालने दुर्बीण लावली आणि म्हणाला, "भाऊ, ते जाळी बांधायचे खुंटे आहेत." सगळे हसले. मगनभाईसुद्धा गालातल्या गालात.

सुकलालची जिरवली नाही तर काशिनाथ नाव लावणार नाही.

सोमवार, २ डिसेंबर

बातमी चंचलमार्फत आमच्या चाळीत पोचली. नळावर एका कार्ट्याने विचारलं, काका, खुंटे उडाले का? कानाखाली वाजवणार होतो, पण दोन्ही हातांत बादल्या होत्या.

संकल्प. सुकलालशी बोलणं बंद. कुकर मागायला आला तर द्यायचा नाही. आणि पक्ष्यांत त्याच्या पुढे जायचं. जानेवारीत तापीच्या मुखाशी पक्ष्यांची मोठी मोजणी असते. एका तुकडीचा पुढारी मगनभाई आपल्या मराठी लोकांतून निवडणार आहेत. सुकलाल आतापासूनच मान ताठ करून फिरतो. पर्वत पाटियाच्या लूम कारखान्यात मुकादम आहे म्हणून काय झालं? मी इच्छापोरच्या साड्या रंगवायच्या मिलमध्ये कलर मास्टर आहे. पुढारी मी होणार, आणि सुकलाल माझ्या मागून चिखलातून चालणार.

अनुसया म्हणते, कुकर आपला आहे आणि तो त्यांच्याकडेच आहे. आणायला मी जाणार नाही. वरण पातेल्यात शिजतं.

शनिवार, ७ डिसेंबर

जुन्या बाजारातून दुर्बीण घेतली. उजव्या बाजूने धुरकट दिसतं, डावी ठीक. सुकलालची दुर्बीण मगनभाईंनी दिलेली, उसनी. माझी स्वतःची. फरक पडतो.

रविवार, ८ डिसेंबर

सूड पहिला. चंचलकडे निरोप धाडला की आज मंडळ उशिरा जमणार. मी एकटाच पुढे गेलो. ओहोटी होती, गाळावर शेकाटे फिरत होते. शेकाट्या म्हणजे लाल काठ्यांसारख्या पायांचा पक्षी. जवळून बघावं म्हणून गाळात उतरलो आणि मांडीपर्यंत रुतलो. तेवढ्यात भरती सुरू झाली. सुकलालला मगनभाईंनी खरी वेळ आधीच सांगितलेली असणार, कारण तो आलाच. गळ्यातलं उपरणं फेकून मला ओढून काढलं.

एक चप्पल गाळात गेली. पण ओढताना त्याच्या सदऱ्याची बाही टरकन फाटली. बरोबरी झाली म्हणायला हरकत नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

पक्ष्यांसाठी टाइमच नाही. उत्तरायणानंतरच्या लग्नसराईचा माल निघतोय, नायलॉनच्या साड्या, राणी कलर, लॉटवर लॉट. शेड मीच जुळवतो. कामावरून उरलेलं रंगाचं पाणी मागच्या खाडीत सोडायचा व्हॉल्वही मीच फिरवतो. शेठ म्हणाले, हे विश्वासाच्या माणसाचं काम आहे, बाहेर बोलायचं नाही. इच्छापोरच्या अख्ख्या लाइनीत शेठने असं दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. सुकलालला त्याचा शेठ काय सांगतो? बॉबिन मोज.

बुधवार, १८ डिसेंबर



सकाळी ड्यूटी संपवून मागच्या खाडीवर तोंड धुवायला गेलो. पाण्यात बगळ्यासारखा पक्षी उभा. पाठ पांढरी, पण छाती, पोट आणि पाय राणी! राणीपेक्षा किंचित फिकट, अगदी पहिल्या डुबीचा असतो तसा. दुर्बिणीच्या डाव्या बाजूने नीट बघितला.

संध्याकाळी मगनभाईंकडे जाऊन चित्रांचं पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं. असा पक्षी नाहीच. म्हणजे नवी जात. कुणाला काही बोललो नाही. सुकलाल, आता बघ.

शुक्रवार, २० डिसेंबर

अनुसयाला सांगितलं. ती माझं बनियन बादलीतून उपसत होती. म्हणाली, असा रंग तर याच्यावरही आहे, तुमच्या नखांतही आहे आणि कानाच्या पाळीवरही आहे. मी समजावलं की नायलॉनचा रंग लोकर, केस, पीस, जे मिळेल त्याला पक्का बसतो, आठवडा आठवडा निघत नाही, त्याचा पक्ष्यांशी काय संबंध? ती म्हणाली, "तुमनं डोकं फिरी गयं." बायकांना पक्ष्यांतलं काही कळत नाही.

मंगळवार, २४ डिसेंबर

ऑर्डर बदलली. काल दिवसभर हळदी चालला.

आज खाडीवर हळदी बगळा! हा नर असावा. राणीवाली मादी.

सोमवार, ३० डिसेंबर

शनिवारपासून मोरपंखी चालू. आणि आज, अहो, मोरपंखी बगळा. मान खाली घालून मासा शोधत होता. चोचसुद्धा हिरवी. एकाच खाडीवर तीन नवे पक्षी. देव कुणाच्या बाजूने आहे ते दिसतंच आहे. सुकलालने वर्षभरात काय शोधलं? तुतवार आणि कुरव. ते तर डुमसला भजी विकणाऱ्यालाही माहीत आहेत.

शुक्रवार, ३ जानेवारी १९९७

मगनभाईंना सांगितलं. ते फक्त "जोईए", म्हणजे बघू, म्हणाले. थंड माणूस. मग मी स्वतः एका गुजराती पेपरच्या ऑफिसात गेलो. तिथला रिपोर्टर एकदम उठून उभा राहिला. फोटोग्राफर घेऊन रविवारी येतो म्हणाला.

चंचलकडे निरोप: सुकलालने यायचंच. तो नसेल तर सगळं बेचव.

रविवार, ५ जानेवारी

विजय. नुसता विजय!

सगळे आले होते. बगळा जागेवर होता, मोरपंखी, उन्हात चमकत होता. फोटोग्राफरने फोटो काढले. मगनभाईंनी दुर्बीण लावली, काढली, पुन्हा लावली आणि चष्मा पुसत बसले. मोठ्या माणसालाही हेवा वाटतो.

रिपोर्टर सारखा मलाच विचारत होता. पक्षी इथेच का येतो? मी म्हटलं, आमच्या मिलचं पाणी कोमट असतं, थंडीत त्यांना बरं वाटतं. पाणी कधी सोडता? म्हटलं, रोज, व्हॉल्व मीच फिरवतो. पाणी साफ करून सोडता का? म्हटलं, छे, जसं असेल तसं, म्हणून तर पक्षी आहेत. सगळं लिहून घेतलं. माझ्या नावाचं स्पेलिंगही दोनदा विचारलं.

एवढ्यात सुकलाल मागून माझा शर्ट ओढायला लागला. मी लक्ष दिलं नाही. मग माझ्या पायावर पाय दिला आणि कानात म्हणाला, "भाऊ, गप ऱ्हाय. गप ऱ्हाय रे बा." जळफळाट म्हणतात तो हा. चेहरा पांढराफटक पडला होता. मी मुद्दाम आवाज चढवला आणि व्हॉल्व कुठे आहे ते बोट करून दाखवलं. त्याचाही फोटो घेतला.

मनात म्हटलं, काय सुकलाल, हे खुंटे आहेत का?

सोमवार, ६ जानेवारी

पहिल्या पानावर! बगळा, शेजारी मी, बोट व्हॉल्वकडे. गुजराती मला दुकानांच्या पाट्यांपुरतं येतं, पण माझं नाव वाचता आलं. वर मोठ्या अक्षरांत आणखी काहीतरी आहे. पाच अंक घेतले. एक सुकलालच्या दारात, चपलांवर ठेवून आलो.

दुपारी मिलमध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही. दबदबा.

बुधवार, ८ जानेवारी

काल सरकारी गाडी आली. पेपर हातात घेऊनच आले होते. बाटल्यांत पाणी भरलं, व्हॉल्वला सील लावलं, मिल बंद. मिलमधली सगळी माणसं फाटकाबाहेर उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

शेठने केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "काशिनाथ, तारे पंखी जोवां हतां के मने डुबाडवो हतो?" पक्षी बघायचे होते की मला बुडवायचं होतं. मी म्हटलं, शेठ, नवी जात आहे. त्यांनी दाराकडे हात केला.

मग वॉचमनने मला पेपरातली मोठी अक्षरं वाचून दाखवली: मिलच्या रंगाच्या पाण्याने बगळे रंगले. घरी आलो ते नखं बघत आलो. दहा दिवस मिलमध्ये मोरपंखी चालू होता, माझ्या नखांत मोरपंखी आहे. शेड अगदी तीच. मीच जुळवलेली.

सगळ्याच्या मुळाशी सुकलाल आहे. तो त्या दिवशी हसला नसता तर मी हे पक्षी बघितलेच नसते.

रविवार, १२ जानेवारी

आज मोजणी. गेलो नाही. म्हणजे गेलो, पण रस्त्यावरच्या बाभळीमागे थांबलो. सुकलाल पुढे चालत होता, मागे सगळी तुकडी. मगनभाई त्याला वाकून काहीतरी विचारत होते. समोर रोहित होते, खरे, गुलाबी, थव्याने. धुरकट बाजूनेही ओळखू आले.

शुक्रवार, १७ जानेवारी

चार मिलमध्ये विचारून आलो. माझं नाव सगळीकडे माहीत आहे. एका मॅनेजरने खिडकी लावून घेतली. अनुसया भांडी आपटते. घरभाडं थांबलंय, तिने बहिणीला काही सांगितलं असेल तर मी कधी माफ करणार नाही.

रविवार, १९ जानेवारी

सुकलाल आला. चंचलने कुकर पाठवला होता, तो मोरीपाशी ठेवला. मी त्याला ऐकवायची वाक्यं महिनाभर घोकून ठेवली होती. एकाहून एक झोंबणारी. त्याने एक टोमणा मारायची खोटी होती. बगळ्याचं नाव काढलं असतं तरी चाललं असतं.

तो चहा प्यायला. मग उठताना म्हणाला, "भाऊ, उद्या सकायले तयार ऱ्हाजा. मी शेठले सांगी ठेयेल शे." बॉबिन भरायचं काम. त्याच्या हाताखाली.

माझं एकही वाक्य वापरता आलं नाही. तो गेल्यावर अनुसया मोरीत जाऊन तोंड धूत बसली, बराच वेळ. मला तिच्याकडे बघवलं नाही.

तरी विचार केला तर ही जागा वाईट नाही. शत्रूवर जवळून नजर ठेवता येईल.

सोमवार, २० जानेवारी

त्याच्या सायकलवर मागे बसून गेलो. चढावर उतरतो म्हटलं, तर बसा म्हणाला. दुपारी जेवायच्या सुट्टीत त्याने डबा उघडला आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला. नको म्हणणार होतो. पण सकाळपासून उभा होतो, पाय मोडले होते. कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत. चंचलने केलेलं. सगळं खाल्लं.