दोनशे बारा वायसर

पूर्णा,
मंगळवार, १४ जुलै

आदरणीय रंगनाथ दाजी यांना महारुद्रचा नमस्कार. आपली पाठदुखी आता कशी आहे? सविताताई आणि मुले मजेत असतील, म्हैसही एव्हाना व्याली असेल. आमच्याकडे सर्व ठीक आहे. (सर्व म्हणजे आई, घर आणि माझी प्रकृती. बाकीचे खाली लिहिले आहे.) गेल्या नऊ दिवसांत मी आपल्याला सतरा वेळा फोन केला, तो आपण उचलला नाही, म्हणून पत्र लिहीत आहे. चुडाव्याचे बन्सीधरकाका रोज रेल्वेने इथे कामाला येतात, त्यांच्या हाती देतो.

आपल्याच शब्दावर दिनकररावांनी मला खत-बियाण्याच्या दुकानात ठेवून घेतले, हे मी विसरलेलो नाही. बारावीला बाकी सगळे विषय निघून नेमका अकाउंटन्सीत राहिलेला मुलगा (मराठीत एकोणऐंशी होते) हिशेबाला कोण ठेवतो? दर महिन्याच्या जीएसटीसाठी परभणीच्या कर सल्लागाराकडे पिशवीभर पावत्या न्याव्या लागत. मी म्हणालो, एआयला विचारून विचारून दुकानापुरते सॉफ्टवेअर मीच तयार करतो. दिनकरराव म्हणाले, "कर. जुलैच्या वीस तारखेचं रिटर्न त्याच्यावर गेलं तर मुनिमाची खुर्ची तुझी. न्हाई गेलं तर पोती मोजायला माझ्याकडं माणसं हायती." जुने मुनीम चैत्रात घरी बसले, तेव्हापासून ती खुर्ची रिकामीच आहे. मी अजून स्टुलावर बसतो.

एआय स्वभावाने फार नम्र आहे. चूक दाखवली की आधी आभार मानतो, मग तीच चूक दुसऱ्या जागी करतो. (आमच्या दुकानातला दत्ता असाच आहे, फक्त तो आभार मानत नाही.) बियाण्याला कर नाही, खताला पाच टक्के, फवारणीच्या औषधाला अठरा, एवढे नीट बसवून घ्यायला तीन आठवडे गेले. पण बसले. मग जुन्या वह्यांतली सगळी खाती मी एकेक करून आत घातली, आणि तिथे मला दिसले की दोनशे बारा गिऱ्हाइकांच्या नावावर बरोबर एक एक रुपया बाकी आहे. कमी नाही, जास्त नाही. मला वाटले, मुनिमांची नजर गेली होती. एआयने मात्र विचारले, ही बाकी मुद्दाम ठेवलेली आहे का, मालकांना एकदा विचारून घ्या. मालकांना विचारले असते तर मला काही येत नाही असे दिसले असते. मी लिहिले, "नाही, चूक आहे." त्याने माझे आभार मानले आणि दोनशे बारा खाती शून्य केली. खाते शून्य झाले की गिऱ्हाइकाच्या फोनवर निरोप आपोआप जातो. निरोपाचा मजकूर त्याचा होता, मी त्यातल्या दोन वेलांट्या तेवढ्या सुधारल्या होत्या: "आपले खाते बंद करण्यात आले आहे. आजवरच्या सहवासाबद्दल दुकान आपले ऋणी राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दुकानापुढे चाळीसेक माणसे उभी होती. एक जण म्हणाला, "दिनकरराव, मी मेलो का? मेलो असलो तर घरी सांगून तरी येतो." दुसरा म्हणाला, "ह्याला न्हाई, मला आदी सांगा. माझं काय चुकलं?" दिनकररावांनी मला आत बोलावले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. म्हणाले, "येड्या, खातं शून्य झालं की गिऱ्हाईक मोकळं. मोकळं माणूस कोणत्याबी दुकानात जातंय. रुपया ऱ्हायला की वाट ऱ्हाती. माझ्या बापानं बी कुणाचा शेवटचा रुपया घेतला न्हाई." बायनाबाई नावाच्या एक बाई सगळे पांगल्यावर आल्या. त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "आमचे मालक जाऊन दोन वर्सं झाली. ब्यांकेनं खातं बंद केलं, सोसायटीनं केलं. त्यायच्या नावाचं एक तुमच्याकडंच चालू व्हतं."

दिनकररावांनी हुकूम केला, वीस तारखेच्या आत सगळी खाती पुन्हा चालू झाली पाहिजेत, नाहीतर सल्लागाराची पिशवी भरायला घे. पण नुसता रुपया नावावर मांडता येत नाही, माल दिल्याची पावती लागते. एका रुपयात आमच्याकडे फवारणी पंपाची रबरी चकती, म्हणजे वायसर, तेवढा येतो. त्यावर कर धरला तर एक रुपया अठरा पैसे होतात आणि अठरा पैशांची बाकी दिनकररावांच्या वडिलांनीही ठेवली नव्हती. म्हणून एआयने किंमत पंच्याऐंशी पैसे आणि कर पंधरा पैसे धरला. कराचा अर्धा भाग केंद्राचा, अर्धा राज्याचा. पंधराचे सारखे दोन भाग होत नाहीत. एआय म्हणाला, आठ आणि सात करू. कोणाला आठ, हे ठरवायचा मला काय अधिकार? शेवटी एका पावतीत केंद्राला, दुसरीत राज्याला असे आलटून पालटून केले. दोनशे बारा ही समसंख्या आहे, म्हणून झोप लागली.

मग सायकलवर गावोगाव निघालो. बायनाबाईंकडे पंप नाही, तरी त्यांनी वायसर पदराच्या गाठीला बांधला. सिद्धोधन सरांनी मात्र पावती पाहताच फोनवरून रुपया पाठवला. खाते शून्य झाले, निरोप गेला. रुपया परत करून तीच पावती पुन्हा उधार लिहिली, त्यांनी पुन्हा रुपया पाठवला. "आदीचा रुपाया कुणी सांगितलाच न्हाई मला. कुणाचा रुपाया ठिवायची सवय न्हाई आपल्याला." तिसऱ्या खेपेला मीच हात जोडून म्हणालो, सर, एक रुपया जास्तीचा पाठवा, दुकानच तुमचे देणे लागेल. ते त्यांना पटले. बाकी लोकांनी चहा पाजला, काहींनी शिव्या दिल्या, वायसर सर्वांनी घेतला. त्या दोनशे बारांतले राहिलात ते फक्त आपण.

आपल्याला तो निरोप चुडावा स्टेशनवर, चार माणसांत, दुसऱ्या कोणी मोठ्याने वाचून दाखवला, हे ताईकडून समजले. त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
महारुद्र

ता. क. सोबत एक वायसर आणि पावती क्रमांक २१२ जोडली आहे. कृपया पैसे पाठवू नयेत.

ता. क. दुसरे. राज्याचा पैसा आपल्या पावतीवर आहे. ती रद्द झाली तर केंद्राचे एका पैशाने जास्त होतात.

ता. क. तिसरे. खरे कारण आता लिहितो. काल दिनकररावांनी विचारले, "दाजीचं झालं का? ज्याला घरचं माणूस राखता यीना, त्याला खुर्चीवर बसवू कसा?" मी आजवर एकही खोटी नोंद केलेली नाही. पण काल तोंडाने म्हणालो, झाले, वायसर घेतला, हसलेसुद्धा. शुक्रवारी ते चुडाव्याला साखरपुड्याला येत आहेत आणि आपल्याकडे चहाला थांबणार आहेत. तरी वायसर ठेवून घ्यावा, आणि जमल्यास त्यांच्यासमोर थोडे हसावे.