टाकीचं टोपण

अण्णा, तुमची गाडी परवा बंद पडली. भूम मागं टाकून सोनारीच्या रस्त्याला लागलो होतो, आणि चढावर तिनं दोन आचके दिले नि गप्प झाली. मी चालवत होते. शेजारी आई, मांडीवर नारळ आणि नैवेद्याची पुरचुंडी. मागं धाकटा भाऊ. तुम्ही गेल्यापासून रान त्यानंच सांभाळलं, त्याला नावं ठेवत नाही, पण या गाडीचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरतं. शेडात जागा अडते, भंगारवाल्याला देऊन टाकू, हे मी दर सुट्टीला ऐकते आणि दर सुट्टीला भांडते. शेवटी या खेपेला मीच तावातावानं बोलून बसले, की आईला याच गाडीतून भैरवनाथाला नेऊन आणते. आपल्या चाकांवर घरी आली तर राहील, नाही आली तर खुशाल दे. आणि बघा, अर्ध्या वाटेतच तिनं माझं नाक कापलं. धाकट्यानं लगेच फोन लावून गाडी ओढून न्यायला टेम्पो बोलावला. तो परांड्याहून निघालाही म्हणे.

मी रागारागानं चावी फिरवत राहिले. इंजिन जोमात फिरतंय, पण पेट घेत नाही. मग तुमची आठवण झाली आणि हात थांबला. मी शाळेत असताना असंच एकदा उन्हात तुम्ही मला सायलेन्सरच्या मागं उभं केलं आहे, तुम्ही चावी मारताय, आणि मला विचारताय धूर येतो का. मी न्हाय म्हणते. तुम्ही खाली उतरता, माझ्या डोक्यावर टपली मारता आणि म्हणता, "मग तेलच पोचंना. उगं बॅटरीचा जीव घेऊ नगं. तेल कुठवर आलंय, ते मागं मागं जाऊन बघ."

तर मी धाकट्याला मागं उभं केलं. तो कुरकुरला, पण उभा राहिला. धूर नव्हता. मी बॉनेट उघडलं आणि तो हातानं दाबायचा डिझेलचा पंप दाबला. त्याच्या टोकाला तुमच्या अंगठ्यानं झिजून खळगी पडली आहे, तिथं माझा अंगठा बरोबर बसतो. पंप दाबला, तर तो खालीच बसला, वर येईना. पाइपला चीर असती तर हवा ओढून तो वर आला असता. म्हणजे मागं कुठंतरी अडलं होतं. पाइप चाचपत टाकीपर्यंत गेले, कुठं दबलेला नव्हता. मग डिझेल किती आहे ते काडी घालून बघावं म्हणून टोपण फिरवलं. लई घट्ट होतं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा सुटलं, आणि टाकीनं केवढी तरी हवा आत ओढून घेतली. तो आवाज अजून कानात आहे.

टोपण ओठांना लावून फुंकून पाहिलं. हवा जायला त्याला भोकच नव्हतं. डिझेल संपत जाईल तशी टाकीत हवा यायला नको का? आणि हातातलं टोपण ओळखीचं वाटलं. पहिल्या पगारात सोलापूरहून मी तुमच्यासाठी आणलेलं तेच हे चकचकीत टोपण. तुमचं मूळ टोपण सोनारीच्या जत्रेत कुणीतरी लांबवलं, तेव्हापासून तुम्ही टाकीच्या तोंडात आईच्या लुगड्याच्या तुकड्याची घडी कोंबून हिंडायचात. मला लाज वाटायची. मी टोपण दिलं, तुम्ही ते उलटसुलट करून बघितलं, झ्याक आहे म्हणालात, आणि पुढच्या खेपेला आले तर टाकीत पुन्हा तीच चिंधी. टोपण डॅशबोर्डच्या खणात. का, ते मी विचारलं नाही. मनात मात्र ते राहिलं, अण्णा, इतकी वर्षं राहिलं. धाकट्याला ते परवा खणात सापडलं, आणि देवाला जायचंय, गाडी जरा बरी दिसावी म्हणून त्यानं बिचाऱ्यानं चिंधी फेकून ते बसवलं होतं.

आई खाली उतरून माझ्याजवळ आली, टोपणाकडं बघून जरा थबकली. म्हणाली, "हे व्हय? हे त्यांनी लावलं हुतं की. ह्याच रस्त्याला गाडी बंद पडली. मला म्हणले, पोरीला सांगू नगं, तिनं हौसंनं आणलंय."

मी तिच्यावरच उखडले, की हे आत्ता सांगतेस? ती म्हणाली, तू कधी विचारलंस? आणि तिनं नैवेद्य काढून धाकट्याच्या हातात दिला, पुरचुंडीचं फडकं झटकलं, तुम्ही घालायचात तशी चौपदरी घडी घातली आणि टाकीच्या तोंडात बसवली.

मग पाइपात शिरलेली हवा काढायला मी फिल्टरवरचा बोल्ट सैल केला आणि पंप मारत राहिले. आधी फेस आला, मग नितळ डिझेल. बोल्ट आवळला. धाकट्यानं चावी मारली, काळा धूर ओकत गाडी उठली. मी न सांगताच त्यानं फोन काढून टेम्पोवाल्याला माघारी जायला सांगितलं. दर्शन झालं, घरीही आलो. गाडी शेडात उभी आहे. तो म्हणतो, टोपणाला एक भोक पाडून आणतो, मिटलं. मी हो म्हणाले आहे.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या खणात ठेवते, टोपणाच्या जागी.

एवढंच सांगायचं राहिलं. गाडी चालू झाल्यावर मी धाकट्याला म्हणाले, बंद कर, पाइपात अजून हवा आहे, आणि बॉनेटआड पुन्हा पंप मारत उभी राहिले. हवा नव्हती, अण्णा. मला थोडं रडायचं होतं, आणि अंगठा त्या खळगीतून काढवत नव्हता.